हाकललेल्या शाळेची शंभरी

2019 मध्ये जर्मनीने बाउहाउस या कला आणि रचना शिकवणाऱ्या शाळेची शंभरी थाटात साजरी केली. वायमार आणि डेसाऊ, दोन्ही गावांत कोरी करकरीत संग्रहालयं उघडली. वायमारला 1924 मध्ये उजव्या सरकारने अनुदान निम्म्यावर आणून या शाळेला गाशा गुंडाळायला लावला होता. मग ती डेसाऊला गेली, तर तिथल्या नगरपरिषदेने 1932 मध्ये नाझींच्या ठरावावर तिला टाळं ठोकलं होतं. जिवंतपणी चौदा वर्षंही धड नांदू दिलं नाही, श्राद्ध मात्र पंचपक्वान्नांचं!

सामान्यांच्या घरात चांगली वस्तू जावी, असा या शाळेच्या मंडळींचा ध्यास. म्हणून त्यांच्यातल्या मार्सेल ब्रॉयरने सायकलच्या हँडलवरून स्फूर्ती घेऊन पोलादी नळ्यांची खुर्ची केली. आज ती अस्सल हवी तर लाखाच्या वर मोजा. सामान्यांनी उभंच राहावं.

खरी बहार शंभरीच्या उंबरठ्यावर आली. 2018 मध्ये एका नाझीविरोधी बँडचा कार्यक्रम डेसाऊच्या बाउहाउस इमारतीत ठरला होता. अतिउजवे निदर्शनं करतील, या धास्तीने तिथल्या प्रतिष्ठानाने दारं लावून घेतली. नाझींनी बंद पाडलेल्या शाळेत! परंपरा जपणं म्हणतात ते हेच असावं. कार्यक्रम अखेर त्याच गावातल्या जुन्या बिअरभट्टीत झाला.