कानातली शिट्टी : नवोदितांसाठी मार्गदर्शिका

रात्रीचे अकरा वाजलेत, लाइट गेलीय, पंखा थांबलाय, गल्लीतली कुत्रीसुद्धा दमून निजलीत आणि तरीही कानात बारीक ‘ईऽऽऽ’ चालूच आहे, अशी खात्री पटली की आपण या मार्गदर्शिकेचे वाचक व्हायला पात्र ठरलात. अभिनंदन. घाबरू नये, आपण एकटे नाही. जगातल्या साधारण दर सात प्रौढांपैकी एकाचा कान कधी ना कधी वाजतो. इतकी सभासदसंख्या जिल्ह्यातल्या कुठल्याही पतसंस्थेची नाही, आणि इथल्या ठेवी बुडतही नाहीत.

सर्वप्रथम आवाज बाहेरचा की आतला, याची शहानिशा करावी. बीड शहरात हे पूर्वी फार सोपं होतं. शहरात रेल्वेच नव्हती, तेव्हा शिट्टी ऐकू आली म्हणजे ती आतलीच. 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली आणि हे हुकमी निदान कायमचं गेलं. परळीकरांना ही सवलत कधीच नव्हती; त्यांच्याकडं रेल्वे जुनी, वर औष्णिक केंद्राची घरघर. हंगामात साखर कारखान्याचा भोंगाही जमेस धरावा. ढोबळ नियम असा : भोंगा पाळी बदलताना वाजतो, गाडी तिला वाटेल तेव्हा वाजते, कानातली शिट्टी बाराही महिने रजा घेत नाही.

यानंतर घरच्यांना विश्वासात घ्यावं, म्हणजे पश्चात्तापाला वाव राहतो. बायको म्हणेल, “मी बोलते ते ऐकू येत नाही, आणि नसलेलं बरं ऐकू येतं!” आई लसूण घालून तेल कोमट करायला घेईल. चुलते ‘वारं लागलं’ म्हणून कानाला मफलर गुंडाळायला सांगतील, मग भर मे महिना असो. सगळ्यांत जपावं ते भजनी मंडळातल्या तात्यांना.

“काय ऐकू येतंय म्हनलास?”

“शिट्टी, तात्या.”

“बारीक? एकसारखी?”

“हो. रात्री जास्त.”

“आरं मग अनाहत नाद हाय त्यो! लोकं बारा-बारा वर्सं बसत्यात त्याच्यासाठी. तुला फुकटात घावला.”

ज्या जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे आणि अंबाजोगाईला मुकुंदराजांची, तिथं तात्यांना खोडून काढणं अवघड. तरी आपण सिद्ध झालो असं जाहीर करण्यापूर्वी एकदा बीपी मोजून घ्यावं आणि कानात मळ साचलाय का तेही बघून घ्यावं. पुष्कळांची सिद्धी मळाबरोबर निघून जाते. कान बाजारात बसून कोरून घेऊ नये. तेलाबद्दल आईला दुखवायचं नसेल तर तेल भाजीत घालावं. कानाच्या पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन नवं दुखणं उभं करतं.

आता खरा तपास. तो कानात नाही, उशाशी करायचा आहे.

उशाशी एक प्लास्टिकची पिशवी असते. तीत एक्स-रे, लाइटबिल आणि गोळ्या एकत्र नांदतात. मेडिकलवाल्यानं पट्टीतल्या चारच गोळ्या कात्रीनं कापून दिलेल्या असतात. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख नेमकी त्याच्याकडं राहिलेल्या अर्ध्या भागावर. आपल्याकडं चंदेरी कागदावर ‘...नॅक’ एवढीच अक्षरं उरतात. कंबरेसाठी एक पांढरी, एक पिवळी आणि एक ‘ही बी घ्या, फरक पडंल’ अशी तिसरी. ही पिशवी म्हणजे संशयितांची ओळख परेड समजावी.

संशयितांत वेदनाशामकं पुढं उभी करावीत : डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणि मोठ्या मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन. अ‍ॅस्पिरिनचा इतिहास तर मौजेचा आहे. सांधेदुखीच्या रोग्याला पूर्वी डॉक्टर कान वाजू लागेपर्यंत मात्रा वाढवत नेत, आणि कान वाजला की थोडी कमी करत. माणसाचा कान हेच तेव्हाचं मापटं. ही शिट्टी बहुधा औषध उतरलं की उतरते. हिवतापावरचं क्विनाइनही असंच कानात गाऊन जातं. सूज उतरवायला आणि लघवी होण्यासाठी देतात ते फ्युरोसेमाइड मोठ्या मात्रेत किंवा शिरेतून घाईनं दिलं तर त्याचंही नाव या यादीत येतं. खरा गुन्हेगार मात्र इंजेक्शनचा कंपू : स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन. हे आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी मारतात, आणि त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. दाद न देणाऱ्या क्षयावर कॅनामायसिनच्या सुया घेऊन कितीतरी रोगी क्षयातून उठले आणि कानाला मुकले. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं ती सुई बाजूला ठेवून तोंडानं घ्यायच्या औषधांवर भर द्यायला सांगितलं.

एवढं वाचून सगळी पिशवी उकिरड्यावर फेकण्याची इच्छा होईल. ती आवरावी. हृदयासाठी रोज चालू असलेली 75 मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन एवढ्या मात्रेत सहसा कान वाजवत नाही, पण ती स्वतःच्या मनानं बंद केली तर शिट्टी ऐकायला माणूस शिल्लक राहीलच असं नाही. गोळी बंद करायची की बदलायची, हे ज्यानं लिहून दिली त्यालाच विचारावं. ‘फरक पडंल’वाली तिसरी गोळी मात्र कुणीच लिहून दिलेली नसते, तिच्याबद्दल विचारायचं तरी कुणाला?

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी या मार्गदर्शिकेत खास प्रकरण घालायचा विचार होता. पण दिवाळीच्या आगेमागे ते कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पोचलेले असतात. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, आणि अंग दुखलं तर गोळी. विश्रांती घेतली तर खाडा, खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून वळते करणार. गोळी खाड्यापेक्षा स्वस्त पडते, हे अर्थशास्त्र अजून कुठल्याच कानतज्ज्ञाला खोडून काढता आलेलं नाही. जाणकारांनी प्रयत्न करावा.

शिट्टी मोठी कशी करावी, हेही शिकून घेतलेलं बरं. शांत खोलीत दार लावून बसावं. वाजतेय का, हे दर पाच मिनिटांनी तपासावं. रात्री दोनला मोबाइलवर ‘कान वाजणे गंभीर आजार’ असं शोधावं. त्यानं भागलं नाही तर सोसायटीचं कर्ज, पीकविम्याची न आलेली रक्कम, बोअरचं आटलेलं पाणी आणि पोरीचं स्थळ, या क्रमानं विचार करावा. पहाटेपर्यंत शिट्टीचा भोंगा झालेला असेल. याला कारण आहे. कानाकडून येणारे संदेश कमी पडले की मेंदू रेडिओचा आवाज वाढवावा तसा आतून आवाज वाढवतो, खरखरीसकट. ती खरखर धोक्याची की किरकोळ, हे ठरवण्याचं खातं काळजीकडं असतं. झोप नाही म्हणून शिट्टी मोठी, शिट्टी मोठी म्हणून झोप नाही, बिनव्याजी चक्र.

1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यातल्या 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. म्हणजे आवाज जवळपास सगळ्यांकडं असतो, दखल थोडेच घेतात. बेथोवननं 1801 साली, तिशीत असताना, डॉक्टर मित्राला पत्रात कळवलं होतं की कान रात्रंदिवस गुणगुणतात आणि बहिरेपणापायी लोकांत जाणं टाळतो. त्याची पाचवी सिंफनी त्यानंतरची आहे. अर्थात त्याच्यामागं मुकादम नव्हता.

तेव्हा शांतता टाळावी. रात्री पंखा चालू ठेवावा, लाइट नसेल तर सेलवरच्या रेडिओवर आकाशवाणीचं बीड केंद्र लावावं, शिट्टीपेक्षा जरा हळूच. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढं नाचून तिला दाबू नये. ती आणखी सख्या घेऊन येते, आणि कानातल्या कापसाच्या बोळ्यानं त्यांना फारसा अडसर होत नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानं पुष्कळांना आराम पडतो. शिट्टी मुळापासून घालवणारी गोळी आजतरी निघालेली नाही, भिंतीवरच्या जाहिराती काहीही म्हणोत. तिचा जाच कमी करायला चांगला आधार आहे तो विचार आणि सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराचा. ‘मी काय येडा हाय का?’ असं म्हणून तो टाळायची प्रथा आहे. मोडली तरी कुणी दंड करत नाही.

एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडू लागला, किंवा चक्कर आणि तोंड वाकडं होणं सोबत आलं, तर ही मार्गदर्शिका तिथंच मिटावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अचानक गेलेलं ऐकणं परत मिळवायला पहिले काही दिवसच हातात असतात. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना उशाची ती पिशवी तशीच्या तशी सोबत न्यावी, कापलेल्या पट्ट्यांसकट. आणि यापुढं मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेताना नाव असलेला तुकडा मागून घ्यावा.