मंजूर पदे आणि हजर माणसे

अध्यापक महाविद्यालय म्हणजे शिकवायचे कसे हे शिकवणारे महाविद्यालय, आणि त्याचा कर्मचारिवर्ग म्हणजे शिकवायचे कसे हे शिकवणाऱ्यांना शिकवू देणारा वर्ग, अशी व्याख्या करता येईल. ती थोडी गोल फिरते हे खरे, परंतु शिक्षणशास्त्रातील बहुतेक व्याख्या अशाच फिरत असल्यामुळे तिला विद्यापीठाच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळण्यास अडचण नसावी. धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या तालुक्याच्या गावी असे महाविद्यालय चालते तेव्हा तेथे नेमकी किती माणसे असतात, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. प्रश्न वरवर सोपा दिसतो. पण तो कार्यालयात विचारला असता ‘कशासाठी पाहिजे?’ असा प्रतिप्रश्न येतो, कारण उत्तर प्रयोजनानुसार बदलते. वाचकाने हे महाविद्यालय एसटीच्या भूम आगारातून चौकशी करीत शोधण्याचा खटाटोप करू नये, कारण ते कोणा एका संस्थेचे चित्र नसून अनेक तालुक्यांतील अनेक संस्थांचे गुण एकत्र करून बेतलेले आहे, आणि दोष मात्र सर्वांचे सारखेच असल्याने ते वेगळे गोळा करावे लागले नाहीत.

कागदावरील स्थिती निःसंदिग्ध आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेली आणि शिक्षणक्षेत्रात एनसीटीई ह्या नावाने धाक बाळगून असलेली संस्था, हिने २०१४ साली जे विनियम केले त्यांनी बी.एड. हा अभ्यासक्रम एका वर्षाचा दोन वर्षांचा केला आणि दर वर्षी शंभर छात्राध्यापकांच्या प्रवेशामागे सोळा अध्यापक ठरवून दिले. छात्राध्यापक म्हणजे जो वर्गात बसतो तेव्हा विद्यार्थी असतो आणि शाळेत पाठवला की सर होतो तो. सोळांपैकी एक प्राचार्य, चार जण शिक्षणाची तात्त्विक बैठक सांगणारे, आठ जण निरनिराळ्या विषयांच्या अध्यापनपद्धती शिकवणारे, आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण, ललित कला, तसेच संगीत-नृत्य-नाट्यादी सादरीकरणाच्या कला ह्यांना प्रत्येकी एक. त्यांच्या साहाय्याला ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, हिशेब सांभाळणारा लिपिक, संगणक चालवणारा लिपिक, भांडारपाल, तंत्र सहायक आणि दोन परिचर अशी आठ पदे. एकूण बेरीज चोवीस होते, आणि बेरीज म्हणून ती बिनचूक आहे.

प्रत्यक्षात चोवीस पदे आणि तेवढीच माणसे असा एकास एक संबंध निसर्गात क्वचितच आढळतो. गणिताची अध्यापनपद्धती शिकवणाऱ्या सरांना पेटी वाजवता येते ही गोष्ट स्नेहसंमेलनात उघडकीस आल्यापासून सादरीकरणाच्या कला त्यांच्याकडे आहेत. मराठीच्या मॅडमचे अक्षर वळणदार असल्याने ललित कला त्यांच्याकडे गेली. आणि शारीरिक शिक्षण हे ज्याच्या खिशात शिट्टी असेल त्याचे, असा प्रघात आहे. तात्त्विक बैठकीचे चारही कोपरे एकाच व्यक्तीला सांभाळावे लागत असल्यामुळे आदर्शवाद, निसर्गवाद आणि फलप्रामाण्यवाद ही तीन परस्परविरोधी दर्शने एकाच आवाजात, एकाच वेगाने आणि एकाच पिवळ्या पडलेल्या टिपणवहीतून येतात, आणि त्यांच्यातील विरोध छात्राध्यापकांना शेवटपर्यंत जाणवत नाही. उरलेल्या जागा तासिका तत्त्वावर भरल्या जातात. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचेच मानधन, तेही बिल मंजूर झाल्यावर. बिल मंजूर करून घेण्यासाठी जे तास खर्ची पडतात त्यांचे मानधन देण्याची तरतूद अद्याप कोणत्याही विनियमात झालेली नाही.

मनुष्यबळाच्या ह्या तुटवड्याचा शैक्षणिक लाभ सूक्ष्म अध्यापनात दिसून येतो. सूक्ष्म अध्यापन ही १९६०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात उदयास आलेली पद्धती असून तीत शिकवण्याचे एकेक कौशल्य सुटे करून, मोजक्या विद्यार्थ्यांसमोर, पाच-सहा मिनिटांत घासूनपुसून घ्यायचे असते. पाठ, प्रत्याभरण, पुनर्नियोजन, पुन्हा पाठ आणि पुन्हा प्रत्याभरण असे तिचे छत्तीस मिनिटांचे चक्र आपल्याकडे रूढ झाले आहे. प्रत्याभरण म्हणजे काय चुकले ते सौम्य शब्दांत सांगणे. ह्या चक्रात विद्यार्थ्यांची भूमिका सहछात्राध्यापकांनीच वठवायची असल्याने, जिची स्वतःची मुलगी सातवीत आहे अशी गृहिणी सातवीतील विद्यार्थिनी होऊन ‘बाई, मला येतं’ म्हणून हात वर करते, आणि ऊसतोडीच्या हंगामामुळे किंवा लग्नसराईमुळे उपस्थिती घटली असेल तर दाराशी बसलेल्या परिचरांना, म्हणजे मामांना, आत बोलावून संख्या पुरी केली जाते. मामांनी इतकी वर्षे सातवीत काढली आहेत की चेतक बदल, प्रबलन, सज्जता प्रवर्तन ही कौशल्ये त्यांना नावानिशी ओळखता येतात. पाठ संपल्यावर त्यांनी ‘आवाज मागंपर्यंत आला नाही’ एवढे म्हटले की मार्गदर्शकांच्या निरीक्षणवहीत तेच वाक्य प्रमाण मराठीत उतरते.

त्यानंतर सराव पाठ. सराव पाठ म्हणजे खऱ्या शाळेतील खऱ्या मुलांसमोर घ्यायचा, पण मुलांच्या प्रगतीशी संबंध असेलच असे नव्हे असा पाठ. त्याचा आराखडा, म्हणजे पाठटाचण, आजही जर्मन शिक्षणज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) ह्याच्या अनुयायांनी रचलेल्या पायऱ्यांवरून चढत जातो: आधी मुलांच्या पूर्वज्ञानाला हात घालणारे प्रश्न, मग हेतुकथन, म्हणजे ‘आज आपण अमुक शिकणार आहोत’ ही घोषणा, मग विषयविवेचन, शेवटी उपयोजन. प्रस्तावनेचे प्रश्न असे रचायचे असतात की त्यांची उत्तरे देता देता मुले आपसूक हेतुकथनाच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहतात. हर्बार्टच्या अनुयायांना भूम तालुक्यातील मुलांचा अनुभव नव्हता, ही त्यांच्या उपपत्तीतील एक दुर्लक्षित मर्यादा आहे.

उदाहरणार्थ, विज्ञानाचा घटक ‘उपयुक्त सूक्ष्मजीव’ असतो आणि छात्राध्यापकाने टाचणात चार प्रश्न लिहून आणलेले असतात. ‘गाय-म्हैस आपल्याला काय देते?’ ह्यास दूध असे अपेक्षित उत्तर येते. ‘दुधापासून काय बनते?’ ह्यास दही हे उत्तर अपेक्षित असते, कारण दह्यातून विरजण, विरजणातून जिवाणू आणि जिवाणूंतून हेतुकथन असा मार्ग आखलेला असतो. परंतु हा तालुका खव्याचा आहे, कुंथलगिरीच्या पेढ्याचा आहे, पाथरूडसारख्या गावांत खव्याच्या भट्ट्या ही घरोघरच्या बोलण्यातली गोष्ट आहे, त्यामुळे सबंध वर्ग एका सुरात ‘खवा!’ म्हणतो. छात्राध्यापक ‘शाब्बास, आणखी?’ विचारतो, उत्तर येते, ‘पेढा!’ ‘आणखी?’ ‘बासुंदी!’ आता दही आपणच सुचवावे की मुलांकडून काढावे ह्या पेचात तो असतानाच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहून सांगतो की गाईच्या दुधाला उतारा कमी पडतो, म्हशीच्या दुधाला फॅट जास्त म्हणून खवा जास्त निघतो, आणि कढईपाशी हात थांबला की बुड लागते. त्याला प्रतिप्रश्न विचारण्याइतके पूर्वज्ञान छात्राध्यापकाकडे नसते. तो फळ्याकडे वळून ‘सूक्ष्मजीव’ असे लिहितो, आणि सूक्ष्मजीवांचा अर्धा तास खव्यात आटतो. मागे बसलेले मार्गदर्शक एकाच वेळी दोन वर्गांतील पाठांचे निरीक्षण करीत असल्याने, म्हणजे ह्या वर्गातील प्रस्तावना आणि शेजारच्या वर्गातील समारोप पाहत असल्याने, शेरा लिहितात: ‘विद्यार्थी सहभाग उत्तम. फलकलेखन सुधारावे.’ वास्तविक त्या दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिला गेला होता. पण फलकलेखन सुधारावे हा शेरा कोणत्याही पाठास लागू पडतो हे अनुभवसिद्ध आहे, आणि वळणदार अक्षराच्या मॅडमनाही त्यांच्या विद्यार्थिदशेत तो मिळाला होता असे सांगतात.

सराव शाळेतील मुले हीसुद्धा ह्या महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गातच मोजली पाहिजेत, जरी परिषदेने त्यांचे पद मंजूर केलेले नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत दर वर्षी नव्या सरांचे आणि बाईंचे पाठ झेललेल्या मुलाने जितकी हेतुकथने ऐकलेली असतात तितकी विद्यापीठाच्या बहिःस्थ परीक्षकानेही ऐकलेली नसतात. त्यामुळे घाबरून गेलेल्या छात्राध्यापकाला पहिल्या बाकावरून ‘सर, घटकाचं नाव लिहायचं राहिलं’ अशी हळूच आठवण करून दिली जाते, आणि तक्ता उलटा टांगला गेल्यास तो सुलटा करण्यासाठी दोन मुले न सांगता उठतात. नव्या अभ्यासक्रमात शाळेत घालवायचा काळ वीस आठवड्यांचा झाला आहे, म्हणजे शिकवणाऱ्यांना शिकवण्याचा मुलांवरील भारही त्या प्रमाणात वाढला आहे. त्यांना मानधन नाही, तासिका तत्त्वावरही नाही.

साहाय्यक कर्मचाऱ्यांत अग्रस्थान अर्थातच भाऊसाहेबांचे. भाऊसाहेब म्हणजे लिपिक. परंतु लिपिक म्हणजे भाऊसाहेब असे उलटे विधान करणे हा त्यांचा उपमर्द ठरेल. हिशेबाचा आणि संगणकाचा हे दोन्ही लिपिक तेच असून, प्रवेशपरीक्षेचा निकाल, पात्रता अर्ज, जातपडताळणी, खंड प्रमाणपत्र (शिक्षणात मध्येच गेलेली वर्षे कुठे गेली ह्याचे प्रतिज्ञापत्र), महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची परिपत्रके ह्या सर्व विषयांचे अध्यापन त्यांच्या टेबलाशी उभ्याउभ्या होते. शैक्षणिक प्रशासन हा पेपर वर्गात शिकवला जातो आणि भाऊसाहेबांकडे तो सोडवला जातो. बी.एड. झाले की नोकरी लागली असा काळ आता उरलेला नाही. राज्यात २०१३ साली शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली, त्यामागून पवित्र पोर्टल आले, आणि ह्या तिन्हींतील फरक प्राचार्यांना एखाद्या परिसंवादात विचारला गेला असता त्यांनीही भाऊसाहेबांना दूरध्वनी केल्याची नोंद महाविद्यालयाच्या मौखिक इतिहासात आहे.

ग्रंथालयाविषयी थोडक्यात सांगता येते. किमान एक हजार शीर्षके आणि तीन हजार पुस्तके असावीत असा नियम असून ती आहेत. दाखल नोंदवहीत त्यांचे क्रमांक अखंड आहेत, पुठ्ठे शाबूत आहेत, आणि न वापरल्यामुळे ग्रंथ किती उत्तम अवस्थेत राहू शकतात ह्याचा हा संग्रह आदर्श नमुना ठरावा. परीक्षेच्या आधी मागणी असलेले एकच पुस्तक म्हणजे मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच, आणि ते पुस्तक नसल्याने नोंदवहीत नाही.

किल्ल्या मामांकडे असतात. भांडारपालाचे पद रिकामे राहिल्यापासून नकाशे, पृथ्वीगोल, रंगीत खडू, मानसशास्त्राच्या प्रयोगांचे साहित्य आणि पेटी ह्या सर्वांचा ताबा त्यांच्याकडे आला. भारताचा प्राकृतिक नकाशा कोणत्या शाळेतील कोणत्या वर्गाच्या खिळ्यावर टिकतो आणि कोणत्या वर्गात तो विषयविवेचनाच्या ऐन रंगात खाली येतो ह्याचे ज्ञान त्यांच्याखेरीज कोणास नाही, आणि ते ज्ञान नकाशासोबत मोफत मिळते. शहाण्या छात्राध्यापकाने पाठटाचणावर मार्गदर्शकांची सही घेण्यापूर्वी ते मामांना सांगावे अशी परंपरा आहे, कारण मार्गदर्शक उद्दिष्टे व स्पष्टीकरणे तपासतात आणि मामा तास जेवणाच्या सुटीआधीचा आहे की नंतरचा हे विचारतात.

वर्षातून एखादा दिवस असा येतो की मंजूर पदे आणि हजर माणसे ह्यांची संख्या तंतोतंत जुळते. तो समितीच्या भेटीचा दिवस. समिती मान्यतेची असो, संलग्नीकरणाची असो वा मूल्यांकन करणाऱ्या नॅकची असो, त्या दिवशी प्रत्येक दारावर पाटी आणि प्रत्येक पाटीमागे माणूस असतो, चहासोबत कुंथलगिरीचा पेढा असतो, आणि संमिश्र वासात ताज्या रंगाचा वास वरचढ असतो. मान्यतेची ही तपासणी काही साधी गोष्ट नव्हे, महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेवरून जो वाद उद्भवला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि २०१२ साली त्याचा अहवाल आला. त्या अहवालावर टिपा लिहा असा प्रश्न परीक्षेत येऊ शकतो, म्हणून छात्राध्यापक तो पाठ करतात. पाठ करताना खिडकीतून पाट्यांना रंग देणारा माणूस दिसत असतो.

अशा रीतीने दोन वर्षे पुरी झाल्यावर छात्राध्यापक बाहेर पडतो, वाट पाहतो, परीक्षांवर परीक्षा देतो, आणि दैव अनुकूल असल्यास दूरच्या एखाद्या वस्तीवरील द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे इयत्ता अनेक आणि शिक्षक दोनच अशा शाळेत, रुजू होतो. तेथे पोषण आहाराचा तांदूळ मोजणे, यू-डायसची माहिती भरणे, मतदारयादी तपासणे, प्रार्थनेला पेटी वाजवणे आणि उरल्या वेळात सहावी-सातवी एकत्र शिकवणे ही सर्व कामे एकट्यावर येऊन पडली असता तो मुळीच गोंधळत नाही, कारण एका माणसाने सात पदे कशी वागवावीत ह्याचे प्रात्यक्षिक त्याने दोन वर्षे जवळून पाहिलेले असते, मग ते अभ्यासक्रमपत्रिकेत छापलेले असो वा नसो. आदर्शवादाची आठवण त्याला होत नाही. माहिती भरताना एखादा रकाना अडला की तो भाऊसाहेबांना दूरध्वनी करतो. काल-परवापर्यंत ज्याला ‘ए पोरा, फोटो आण’ असे दरडावले त्याला आता ते ‘सर’ म्हणतात, रकाना समजावून सांगतात, आणि मग चौकशी करतात की शाळेला शिपाई आहे का. नाही, असे उत्तर येते. ‘मग किल्ल्या कोणाकडं असतात?’ ‘माझ्याकडंच.’

‘मग हेडमास्तर तुम्हीच की, सर,’ असे म्हणून भाऊसाहेब पुढच्या अर्जाकडे वळतात.