सबंध जपानी गाडी

मी आयुष्यभर एलआयसीत माणसांचा विमा उतरवला. त्यामुळे सासुरवाडीत ठाम समजूत आहे की, जगातल्या कुठल्याही वस्तूच्या विम्यातलं मला कळतं. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ साली झालं आणि सर्वसाधारण विम्याचं १९७३ साली, ही दोन वेगळी दुकानं आहेत, हे मी प्रत्येक लग्नात सांगतो. लोक मान डोलावतात आणि स्कूटरची पॉलिसी पुढे करतात.

मेव्हण्याने टोयोटा वेलफायर पुढे केली. चेंबूरमध्ये जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, त्या कंत्राटांत त्याला चार पैसे मिळाले. ही गाडी सबंध तयार होऊन जपानहून येते. २०२० साली ती भारतात आली तेव्हाच एक्स-शोरूम किंमत ७९.५० लाख होती. आत विमानातल्यासारख्या खुर्च्या, दारं आपोआप सरकणारी. डायमंड गार्डनच्या सिग्नलला थांबली की, दुचाकीवाले तिच्या काचेत भांग पाडून घेतात.

"भाऊजी, विम्याचं तेवढं तुम्ही बघा," मेव्हणा म्हणाला आणि एजंटाला माझ्यासमोर बसवून चहा सांगायला गेला.

थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं आणि तो गाडीची किंमत विचारत नाही, इंजिन विचारतो. १५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीला २०२२ च्या दराने ७,८९७ रुपये. आमच्या सोसायटीतल्या जोशांच्या जुन्या डिझेल इनोव्हाचं इंजिन २४९४ सीसी, आणि मेव्हण्याच्या गाडीचंही नेमकं २४९४. उलट वेलफायर हायब्रिड, म्हणून तिला साडेसात टक्के सवलत. जोशी ही गोष्ट आता लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवतात.

खरा खेळ गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलं नाही, तर बदललेल्या प्लास्टिक-रबराचे निम्मेच पैसे मिळतात, काचेचे मात्र पूर्ण. म्हणजे धडकायचंच असेल तर काचेने धडकावं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला जाऊन इंजिन गेलं, तर त्याचं कव्हर वेगळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस चेंबूरमध्ये काढलेल्या माणसाला हे कव्हर विकावं लागत नाही. मेव्हण्याने एजंटाच्या हातातलं पेन ओढून स्वतः खूण केली.

मग त्याला चेव आला. टायरचं कव्हर घेतलं. हरवलेल्या चावीचं घेतलं. एजंटाने सांगितलं की, जुन्या टॅरिफपासून ५०० रुपयांत पॉलिसी नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तानपर्यंत वाढवता येते.

"मालदीवला रस्ते आहेत?" मी विचारलं.

"पाचशेच तर आहेत, भाऊजी! असू दे."

शेवटी एक बारीक ओळ उरली: पगारी ड्रायव्हरबद्दलची कायदेशीर जबाबदारी, ५० रुपये.

"हे कशाला?" मेव्हणा म्हणाला. "ड्रायव्हर काय, आज आहे उद्या नाही."

"मालदीवला गाडी नेणार कोण?" असं विचारून मी खूण केली. लाखाच्या वर गेलेल्या प्रीमियमकडे त्याने पाहिलंही नव्हतं. त्या पन्नास रुपयांसाठी मात्र तो माझ्याशी दिवाळीपर्यंत तुटक बोलत होता.