दोन कॉटची खोली

गिरणीतनं दळण आणलं, डबा अजून कमरेवरच होता, तेवढ्यात कुंपणापलीकडनं वहिनींची हाक आली. "काकू, मुंबईत उतरायला बरं हॉटेल कुठलं वो?"

माझी बहीण वीस वर्षं गिरगावात राहिली, तेवढ्यावर आमच्या गल्लीनं मला मुंबईची जाणकार करून टाकलंय. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

वहिनींच्या लेकानं दहावीची परीक्षा दिलीय, त्याला चार दिवस मुंबई दाखवायची. भावजींना रानातनं सवड नाही, म्हणजे मायलेकच. लेकानं मोबाइलवर हॉटेल हुडकलंसुद्धा. पोहायचा तलाव, काचेची लिफ्ट, आणि ठिकाण पार पनवेलच्या पुढं. "स्वस्त पडतंय की," वहिनी म्हणाल्या. पडेल, पण रोजचे जाऊन-येऊन चार तास कोण भरून देणार? आपण पंढरपूरजवळची माणसं. 'देऊळ पाच मिनिटांवर' म्हणणारे लॉजवाले आपल्याला नवे आहेत का?

फोर्टात नाहीतर दादरला उतरा म्हटलं. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पुरी झालीय. सीएसएमटी, हुतात्मा चौक, दादर, सिद्धिविनायक सगळं तिच्यावरच, आणि वरळीच्या सायन्स सेंटरला तर त्याच नावाचं स्टेशन. सीएसएमटीच्या जवळच क्रॉफर्ड मार्केटापाशी सरदारगृह आहे, तेही दाखवा. टिळक मुंबईत तिथंच उतरायचे, 1 ऑगस्ट 1920 ला गेले तेही तिथंच. तेही त्या काळचं लॉजच होतं.

"मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल आहे," लेक पायरीवरनं बोलला. खरंय, रावसाहेब दानवे रेल्वे राज्यमंत्री असताना 2021 मध्ये ते सुरू झालं. वहिनींनी फोटो बघितला. "ह्या पेटीत झोपायचं? चार दिवस?" विषय मिटला.

खरी मेख वेगळीच. कुर्डुवाडीतनं रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी सकाळी मुंबई. आणि खोली मिळणार दुपारी बाराला, कुठं कुठं दोनला. पोरगं कुठंही बसेल, बाईमाणसानं आंघोळीला जायचं कुठं? तेव्हा आधी फोन करून विचारायचं, लवकर खोली देता का, जादा किती घेता. चेकआउट चोवीस तासांचं असेल तर सकाळी सातला घेतलेली खोली सातलाच सोडायची, आणि परतीची गाडी रात्रीची. दिवसभर बॅगा ठेवून घेतील का, तेही विचारायचं.

"आणि दोन वेगळ्या कॉट मागा."

"माझंच पोर की वो! एका पलंगावर काय बिघडतंय?"

लेकानं मान फिरवली. मिसरूड फुटलेल्या पोराला चार रात्री आईशेजारी अंग चोरून झोपवायचं म्हणजे त्याची मुंबई तिथंच संपली. वहिनींना हे मी कसं सांगू? मी आपलं म्हटलं, तुम्ही घोरता. त्या रुसल्या, पण पटलं. मग न्हाणीचं सांगितलं. हल्ली काही हॉटेलांत न्हाणीला भिंतीऐवजी काच असते. नव्या जोडप्यांची हौस असेल, मायलेकांनी काय करायचं? न्हाणीचा फोटो मागवल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. वहिनींनी पदर तोंडाला लावला, लेक घरात पळाला.

पैशाचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला जीएसटी पाच टक्के आहे, आधी बारा होता. दोन हजाराच्या खोलीवर पूर्वी दोनशे चाळीस जायचे, आता शंभर. बिल बघून घ्या. आणि बऱ्याच ठिकाणी बारा वर्षांपुढचं पोर मोठं माणूस धरतात, तेव्हा 'लहान आहे' म्हणून घासाघीस करू नका, त्याच्यासमोर तर नकोच.

दोघांचीही आधार कार्डं बरोबर घ्या, वहिनी. आणि राणीची बाग बुधवारी बंद असते.