बप्पांचं बिऱ्हाड

स्वतःच्या गादीशिवाय ज्याला झोप लागत नाही, दुसऱ्याच्या घरचा चहा ज्याला कायम पाणचट लागतो आणि सोयऱ्याच्या घरी संडासाला जायचं म्हटलं की ज्याचं पोटच रुसतं, त्या माणसानं प्रवासाच्या भानगडीत पडू नये. धारूरच्या बप्पांनी साठीच्या उंबरठ्यापर्यंत हा नियम पाळला. लग्नाला गेले तरी अक्षता टाकून शेवटच्या एसटीनं घरी. मग शाळेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले आणि त्यांनी घरालाच चाकं लावली.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या जन्मी ती वऱ्हाडं वाहायची आणि तुळजापूरच्या खेपा करायची. पडद्यांत अजून अक्षता सापडतात. बप्पांनी सीटा काढून दोघा नवरा-बायकोपुरता पलंग बसवून घेतला. पलंगाखाली 100 लिटरची टाकी, टपावर सोलर, घडीचं टेबल, पाच किलोचा सिलिंडर, आणि मागच्या कोपऱ्यात कपाटासारखं दिसणारं एक दार. त्या दारामागं संडास. गाडीत मनाला येईल तसे बदल कायद्याला चालत नाहीत, तिची नोंद ‘मोटर कॅरॅव्हॅन’ म्हणून करावी लागते. हे एजंटाला समजावताना बप्पांची अर्धी दुपार गेली.

“नीट सांगा बप्पा, माणसं न्यायचीत का माल?”

“घर न्यायचंय.”

एजंटानं पेनाला टोपण लावलं आणि चहा मागवला.

गावाची प्रतिक्रिया याहून वेगळी नव्हती. “कामून हो, पोरांनी बाहेर काढलं का?” असं काहींनी तोंडावर विचारलं, बाकीच्यांनी काकूंना एकटं गाठून. बप्पांचं आरसीसीचं घर चांगलं ऐसपैस, अंगणात सीताफळाची दोन झाडं. बालाघाटाच्या ज्या सीताफळांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातलीच. असं सगळं सोडून माणूस गाडीत का झोपतो, याचं उत्तर धारूरला हवं होतं. उत्तर म्हणून बप्पा एक प्लास्टिकचं आवरण घातलेला कागद काढायचे: महाराष्ट्र शासन, कारवान पर्यटन धोरण, 2021. शासनाचंही डोकं फिरलंय, एवढाच अर्थ पारावरच्या मंडळींनी त्यातून काढला.

पहिला मुक्काम त्यांनी कुठं केला असेल? घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ, धारूरच्याच किल्ल्याच्या पायथ्याशी. लोक हसले. बप्पा इतिहासाचे मास्तर. “या किल्ल्यापुढं तळ टाकणारा मी पहिला नाही. 1631 साली मोगलांचा आझमखान येऊन बसला होता.” त्याला किल्ला मिळाला, बप्पांना रात्रभर डास. पण सकाळी गाडीचं दार उघडलं आणि घरच्याच कपातला चहा घेत समोर तटबंदी दिसली, तेव्हापासून हा माणूस कामातून गेला. नंतर माजलगावचं धरण झालं, अंबाजोगाईचा हत्तीखाना झाला, पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा झाला. प्रत्येक ठिकाणी जाऊन बप्पा काय बघतात? माझ्या मते फारसं काही बघत नाहीत. गाडी उभी केली की आधी गवंड्याची लेव्हलपट्टी ओट्यावर ठेवतात आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत चाकाखाली फळ्या सारत बसतात. काकूंचा चहा करून, पिऊन, कप विसळून होतो, तरी बप्पा खालीच असतात. मग टाकीत पाणी किती, बॅटरी किती चढली, सिलिंडर किती हलका झाला याची वहीत नोंद. धबधबा तोवर वाहतच असतो.

या छंदाची गंमत ज्यांना कळत नाही, ते नेहमी विचारतात, फिरायचंच तर लॉजवर का उतरत नाही, स्वस्त पडेल. पडेल की. पण असली माणसं फिरायला निघालेलीच नसतात. ती अट्टल घरबशी असतात. 1885 साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या इंग्रजी आरमारातल्या निवृत्त डॉक्टरनं निव्वळ हौसेसाठी दोन घोड्यांचं चाकावरचं घर बांधून घेतलं आणि स्कॉटलंडपर्यंत नेलं. सोबत गाडीवान, आणि रस्ता मोकळा करायला तीनचाकी सायकलवर पुढं पळणारा नोकर. म्हणजे घरातली एकही सवय मागं ठेवायची नव्हती. बप्पांच्या मनात तेच आहे, फक्त नोकराच्या जागी काकू आहेत आणि त्या सायकल चालवत नाहीत.

आणखी एक कारण मराठवाड्याचं आहे. बहात्तरच्या दुष्काळात बप्पा शाळकरी पोर होते. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेही त्यांनी पाहिलं. इथल्या माणसाला आयुष्यभर एकच चिंता, की नळ कधी येणार. गाडीत ती चिंता 100 लिटरपुरती का होईना त्याच्या मुठीत येते. म्हणून दारावर नियम चिकटवलेत: अंघोळ एक बादली, भांडी अर्धी, संडासाला दोन मग. पुण्याची नातवंडं त्याला अडचण म्हणतात. बप्पांना ते राज्य वाटतं.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लेकाच्या सोसायटीच्या फाटकावर एमएच 44 ची ही गाडी बघून वॉचमननं विचारलं, “सामान कुठल्या फ्लॅटचं?” बप्पांनी सांगितलं, मीच सामान. वर दोन बेडरूमचा फ्लॅट, सून लाघवी, पण बप्पा झोपले खाली पार्किंगमध्ये, लेव्हल लावून.

काकूंनी हे सगळं कसं खपवून घेतलं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. धारूरच्या घरात त्यांनी चाळीस वर्षं आल्यागेल्याला चहा दिला. बप्पांचे विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे बाप, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे. गाडीत माणसं मावतात दोन. “तिसरा आला तर बसवू कुठं? म्हणून कुणी येतच नाही,” असं त्या म्हणाल्या आणि मनापासून हसल्या.

मग गेल्या हिवाळ्यात बप्पांना कोल्हापूरची अंबाबाई आठवली. वाटेत सांगलीच्या अलीकडं संध्याकाळ झाली, एका साखर कारखान्याजवळच्या माळावर सपाट जागा दिसली आणि फळ्या न लावता बुडबुडा मधोमध आला. खुशीत दार उघडलं तर समोर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांची रांग. त्यातून हाक आली, “अय बाबो, बप्पा! तुमी कवा उचल घेतली?”

सगळा मुलूख ओळखीचा निघाला. दिवाळीनंतर आपला अर्धा तालुका ऊसतोडीला कुठं जातो, हे बप्पांना ठाऊक होतं. वर्गातली रिकामी बाकं त्यांनी वर्षानुवर्षं मोजली होती. आता त्या बाकांवरची पोरं नवरा-बायको मिळून एक कोयता झाली होती. गावात जी गाडी कुणाला कळली नाही, ती इथं एका क्षणात कळली. पावसात गळते का? दगडावर चाक बसतं का? रात्री थंडी कुठून शिरते? असले नेमके प्रश्न बप्पांना आजवर कुणी विचारले नव्हते. ते वही काढून बसले.

एका पोरीनं मागचं कपाट उघडलं. पहाटे अंधारात उसाच्या फडात जाऊन यायचं, दिवसभर मग नाही, असा तिचा रिवाज.

“हे आतच?”

“आतच,” काकू म्हणाल्या.

पोरीनं दार लावून घेतलं. ती बाहेर आली तोवर गाडीमागं रांग लागली होती. बप्पांनी दारावरच्या नियमांकडं बोट दाखवायला हात उचलला. काकूंनी तो तिथंच खाली केला आणि स्वतः पायरीवर उभ्या राहिल्या. “दोन मग. धुणं नाही. पोटुशी असंल ती आधी.”

टाकी रात्रीच आटली. एका मुक्कामाचे पाच झाले. अंबाबाई कुठं जाते, असं काकूच म्हणाल्या. बप्पा रोज सकाळी कॅन आणि संडासाचा डबा घेऊन कारखान्याकडं जायचे, डबा तिथल्या संडासात रिकामा करायचे आणि मग पाण्यासाठी नळावर उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी नळावरच्या माणसानं हटकलं, “कुठल्या टोळीचे? मुकादम कोण?”

बप्पांनी माळाकडं बोट केलं. तिथं गाडीच्या पायरीवर, हातात वही घेऊन, काकू कुणाला तरी दरडावत होत्या.