रिसिव्हरची पाठ बघा

होम थिएटर घ्यायला दुकानात गेलं की तीन गोष्टी पुढे केल्या जातात: वॅटचा आकडा, स्पीकरची संख्या आणि गाड्या उडवणारा एखादा सीन. या तिन्हींवरून घरी आवाज कसा लागेल ते कळत नाही. ते कळतं रिसिव्हरच्या पाठीवरच्या सॉकेटांवरून, आणि शोरूममध्ये ती बाजू भिंतीकडे असते. म्हणून पैसे देण्याआधी सांगा: हा जरा फिरवा, पाठ बघायची आहे.

आधी वॅटचं बघू. पीएमपीओच्या नावाखाली हजारांचे आकडे छापलेले टू-इन-वन आपल्याकडे वर्षानुवर्षं खपले. त्या आकड्यांमागे कुठलंही मान्य मोजमाप नव्हतं. आजच्या रिसिव्हरवरचा आकडा तितका पोकळ नसतो, पण अर्धाच सांगितलेला असतो. ‘प्रति चॅनेल 90 वॅट’च्या पुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: दोन चॅनेल चालू असताना. सिनेमा लागतो तेव्हा पाच किंवा सात चॅनेल चालू असतात आणि सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय एकच असतो. अशा वेळी प्रत्येकाच्या वाट्याला ते 90 वॅट बहुधा येतच नाहीत. ही गोष्ट खोक्याच्या दर्शनी बाजूला ठळक छापायला हवी.

स्टुडिओवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. पॉवर्ड मॉनिटरमध्ये प्रत्येक स्पीकरच्या पेटीतच त्याचा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो, आणि बहुतेकांत एक नव्हे, दोन: एक वूफरसाठी, एक ट्वीटरसाठी. खर्ज आणि तार स्वरांची वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधीच, लहान सिग्नलवर होते. कुठला ॲम्प्लिफायर वूफरला आणि कुठला ट्वीटरला जोडायचा हे कारखान्यातच मोजूनमापून ठरतं. फिनलंडची जेनेलेक ही कंपनी 1978 साली सुरू झाली तीच तिथल्या नभोवाणीसाठी असे स्पीकर बनवत. यामाहाच्या एचएस5 मध्ये 5 इंची वूफरला 45 वॅट आणि 1 इंची ट्वीटरला 25 वॅट मिळतात. हे 70 वॅट त्या पेटीचे स्वतःचे आहेत. मागच्या स्पीकरमध्ये हेलिकॉप्टर घोंघावत असलं तरी समोर बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याचे वॅट कमी होत नाहीत.

आणि माझा सगळा जीव त्या बोलणाऱ्या माणसात आहे. मराठी माणूस मराठी सिनेमा घरी सबटायटल वाचत बघतो, हे मला सलतं. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. ‘तुंबाड’ हिंदी, पण त्यातही पाऊस जवळपास अखंड कोसळतो आणि त्या पावसाखाली माणसं हळू आवाजात बोलतात. इतकी मेहनत आपल्या हॉलमध्ये येते आणि टीव्हीच्या पाठीत कोंबलेल्या दोन चिमुकल्या स्पीकरांत चिरडली जाते. मग कुणीतरी आवाज वाढवतं, पाऊस कानात घुसतो आणि संवाद तरीही निसटतो.

सराउंड मिश्रणात संवादांचा मोठा भाग मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमधून येतो. डावा, मधला आणि उजवा या तीन जागी एकाच मॉडेलचे तीन पॉवर्ड मॉनिटर बसवले की शब्द उघडे होतात. पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेलं तरी त्याच्या आवाजाचा पोत बदलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: सात साधारण स्पीकर घेण्यापेक्षा पुढचे तीन उत्तम घ्या.

आता पुन्हा पाठीकडे. या मॉनिटरना रिसिव्हरकडून वॅट नकोत, सिग्नल हवा, आणि तो ‘प्री-आउट’ लिहिलेल्या सॉकेटमधून मिळतो. स्वस्त रिसिव्हरमध्ये बहुधा फक्त सबवूफरचा प्री-आउट असतो. पुढच्या तीन चॅनेलचे हवे असतील तर महागड्या मॉडेलपर्यंत चढावं लागतं. तीन आरसीए सॉकेटांसाठी ग्राहकाला वरच्या किमतीत ढकलणं हा उघड अन्याय आहे, आणि दुकानात त्याचा साधा उल्लेखही होत नाही.

प्री-आउट नाही म्हणून कुणी स्पीकरची वायर थेट मॉनिटरच्या इनपुटला जोडायला सुचवलं, तर त्याला तिथेच थांबवा. 8 ओहमवर 100 वॅट म्हणजे सुमारे 28 व्होल्ट. मॉनिटरच्या इनपुटला अपेक्षित असतो साधारण एक व्होल्ट: स्टुडिओची +4 डीबीयू ही पातळी 1.23 व्होल्ट आणि घरगुती उपकरणांची -10 डीबीव्ही ही पातळी 0.316 व्होल्ट. या जोडणीने इनपुट जळू शकतं. बऱ्याच मॉनिटरवर +4 आणि -10 यांतलं एक निवडायचा खटका असतो. तिन्हींचा खटका एकाच जागी ठेवा, आवाजाची बटणंही एकाच खुणेवर ठेवा, आणि मग रिसिव्हरसोबत आलेल्या मायक्रोफोनने मोजणी करा. एकदा मोजणी झाली की त्या बटणांना कुणी हात लावायचा नाही.

पुढचं संकट म्हणजे हमिंग. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून स्पीकरमधली घरघरही 50 किंवा 100 हर्ट्झची. तीन मॉनिटर, सबवूफर आणि रिसिव्हर वेगवेगळ्या सॉकेटवर लावले, त्यात गच्चीवरून आलेली केबल किंवा डिशची वायर जोडली, की अर्थिंगला दोन-तीन वाटा मिळतात आणि त्या वेटोळ्यातून ही घरघर शिरते. त्यावर आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे थ्री-पिनची मोठी पिन काढून टाकणं. कुकर फार वाजतो म्हणून त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह बुजवण्यासारखं हे आहे. ज्या पेटीत ॲम्प्लिफायर आहे आणि जिच्या पाठीला धातूचा पत्रा आहे, तिची अर्थिंग तोडणं म्हणजे घरातल्या पोराबाळांच्या जिवाशी खेळ. इलेक्ट्रिशियनने सांगितलं तरी करू नका, आणि सांगणाऱ्याला पुन्हा बोलावू नका.

योग्य उपाय सोपे आहेत. सगळी उपकरणं एकाच सॉकेटच्या एकाच चांगल्या बोर्डवर आणा. मग सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. घरघर थांबली तर चोर सापडला, आणि त्या केबलवर आयसोलेटर बसवला की काम झालं. नाहीच थांबली तर प्री-आउट आणि मॉनिटर यांच्यामध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. मॉनिटरला एक्सएलआर किंवा टीआरएस इनपुट असेल तर त्यासाठी नीट बनवलेली आरसीए-टू-एक्सएलआर किंवा आरसीए-टू-टीआरएस केबल घ्या. दोन-तीन अडॅप्टर एकात एक खुपसून भागवू नका. सुरू करताना रिसिव्हर आधी आणि मॉनिटर शेवटी, बंद करताना मॉनिटर आधी. हा क्रम पाळला की वूफरला धक्का बसत नाही.

मागच्या दोन स्पीकरांसाठी मात्र पॉवर्ड मॉनिटरचा हट्ट नको. तिथे प्रत्येक पेटीला सिग्नलची केबल लागते आणि शिवाय विजेचा सॉकेटही लागतो. आपल्या हॉलमध्ये सोफ्याच्या मागे खिडकी असते, स्वयंपाकघराची वाट असते, सॉकेट बहुधा नसतोच. काही मॉनिटर शांत प्रसंगात आपोआप झोपतात आणि मागून आवाज यायची वेळ झाली की उशिरा जागे होतात. मागे साधे पॅसिव्ह स्पीकर लावा आणि ते रिसिव्हरवर चालवा. पुढच्या तिघांचा भार उतरल्यामुळे रिसिव्हरला फक्त हे दोन सांभाळायचे उरतात, आणि तेवढं तो आरामात करतो. पुढचे दोन बाजूचे स्पीकर मध्यापासून 30 अंशांवर आणि मागचे 100 ते 120 अंशांवर, ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. भिंत आडवी आली तर मागच्यांत तडजोड करा, पुढच्यांत नको.

‘स्टुडिओचे छोटे स्पीकर हॉलला पुरणार नाहीत’ हा आक्षेप हिशेबाने तपासू. एका मीटरवर 105 डेसिबलपर्यंत जाणारा मॉनिटर मोकळ्या जागेत अडीच मीटरवर सुमारे 8 डेसिबल गमावतो. उरतात 97. थिएटरची संदर्भ-पातळी सरासरी 85 आणि शिखर 105 डेसिबल असते. घरी त्याहून 10 ने खाली ऐकलं तर शिखर 95 वर येतं, म्हणजे मॉनिटरच्या आवाक्यात. त्याहून मोठा आवाज सोसायटीत लावू नये, शेजाऱ्यांनाही कान आहेत. सोफा चार मीटरवर असेल तर 5 इंचीऐवजी 8 इंची मॉनिटर घ्या.

खर्जासाठी सबवूफर अटळ आहे. एचएस5 चा कागदावरचा खालच्या टोकाचा आकडा 54 हर्ट्झ, आणि तिथेही आवाज 10 डेसिबलने उतरलेला असतो. सिनेमातला खर्ज त्याच्या कितीतरी खाली जातो. रिसिव्हरमध्ये पुढचे तिन्ही स्पीकर ‘स्मॉल’ ठेवा, क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवा, आणि जड काम सबवूफरकडे सोपवा. मॉनिटर भिंतीला चिकटले असतील तर पाठीवरच्या रूम कंट्रोलच्या खटक्याने खर्ज उतरवा. मधला मॉनिटर टीव्हीखाली मावत नाही म्हणून आडवा झोपवू नका: वूफर आणि ट्वीटर शेजारी-शेजारी आले की सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला वेगळाच आवाज ऐकू येतो. टीव्ही वीतभर वर घ्या, पण मॉनिटर उभाच ठेवा.

‘हे स्पीकर कानाला टोचतात’ असंही म्हणतात. गुळगुळीत लाद्या, मोकळ्या भिंती आणि काचेची सरकती खिडकी अशा खोलीत कुठलाही स्पीकर टोचेल. जाड पडदा लावा, स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये सतरंजी अंथरा, मग मत द्या.

शेवटचं सांगणं दुकानदारांना, विशेषतः मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या. तुमच्याच रस्त्यावरच्या मिनर्व्हा थिएटरात 1975 साली ‘शोले’ 70 एमएम पडद्यावर, स्टिरिओफोनिक आवाजात लागला. त्यात गोळीबार होता, घोडे होते, आगगाडी होती. तरीही पॉलिडॉरने काढलेली संवादांची रेकॉर्ड धडाक्याने खपली. लोकांना शब्द हवे होते आणि ते त्यांना नीट ऐकू आले होते. तेव्हा डेमोला स्फोट लावणं बंद करा. भर पावसात दोन माणसं हळू बोलताहेत असा प्रसंग लावा आणि आवाज वाढवू नका. गिऱ्हाइकाला प्रत्येक शब्द कळला तर बिल करा. आणि कंपनीचा माणूस नवं मॉडेल घेऊन आला की त्याला एकच विचारा: मधल्या किमतीच्या रिसिव्हरला पुढच्या तीन चॅनेलचे प्री-आउट कधी देताय?