नियमाप्रमाणे डोकेदुखी

रात्रभर जागून अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या फायली वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला आकडा द्यायचा, या धंद्याला मेडिकल कोडिंग म्हणतात. पुण्यात हे काम करणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या नातेवाइकांपैकी एकालाही ती नेमकं काय करतात ते ठाऊक नाही. आमच्या घराण्यात माझी ओळख ‘अमेरिकेच्या दवाखान्यात असतो’ अशी आहे. लग्नकार्यात लोक मला जीभ काढून दाखवतात. मी बी.एस्सी. झूलॉजी. बेडूक सोडला तर कुणाच्या अंगाला सुरी लावलेली नाही, आणि त्या बेडकाचंही माझ्याविषयी मत चांगलं नसावं.

आमच्या धंद्याचा पहिला धडा : जे लिहिलेलं नाही, ते झालेलंच नाही. कोडरने स्वतःचं डोकं चालवायचं नसतं. फायलीच्या पानापानांतून आजार डोकावत असला, तरी डॉक्टरने त्याचं नाव लिहीपर्यंत आपण तो पाहिलेला नसतो. या शिस्तीत मी इतका मुरलोय, की घरीही तोंडी सांगितलेली कोथिंबीर आणत नाही.

अशात साताऱ्याच्या आत्याचा एमआरआय रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. मेंदूच्या बाहेरून, आवरणाला धरून एक लहानशी गाठ. पुढे ‘बहुधा मेनिन्जिओमा’. खाली आत्याचा निरोप : काय आहे रे?

आता मेनिन्जिओमा म्हणजे माझ्या हातचा मळ. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनने १९२२ मध्ये त्याला हे नाव दिलं. गाठ मेंदूची नव्हे, त्याच्या आवरणाची, आणि बहुतेक वेळा साधी. मेंदूच्या आवरणावर असेल तर डी ३२.०, मणक्यातल्या आवरणावर असेल तर ३२.१, कुठे ते लिहायचं राहिलं असेल तर ३२.९. खुद्द मेंदूची साधी गाठ असेल तर ती शेजारच्या घरात, डी ३३मध्ये. पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकातून बघून ‘हिच्या वागणुकीचा भरवसा नाही’ म्हटलं तर डी ४२. कॅन्सर ठरला तर सी ७०. हीच गाठ आधी २२५.२ होती. १ ऑक्टोबर २०१५ला अमेरिकेने नवी पद्धत लागू केली आणि एका रात्रीत तिथल्या सगळ्या गाठींचे पत्ते बदलले. गाठींना त्याचा पत्ताही नव्हता.

हे सगळं येत असूनही मी अडलो तो ‘बहुधा’पाशी. नियम असा, की दाखल झालेल्या पेशंटला घरी सोडताना डॉक्टरने ‘बहुधा’ लिहिलं, तर आजार आहेच असं धरून कोड द्यायचा. पेशंट ओपीडीतला असेल तर ‘बहुधा’, ‘संशयित’, ‘शक्यता’ यांना कोड नाही. त्याला जे होतंय तेवढंच नोंदवायचं. म्हणजे खाटेवरच्या माणसाचं ‘बहुधा’ खरं आणि बाकड्यावरच्याचं खोटं. आत्या ओपीडीतली. तिला होत काय होतं? डोकं दुखत होतं. मी कळवलं, “आत्या, नियमाप्रमाणे तुला फक्त डोकेदुखी आहे. आर ५१.९.”

तासाभरात घराण्याच्या ग्रुपवर ‘अमेरिकेने सांगितलं, काही नाही’ असं झळकलं. आतोबांनी कंदी पेढे वाटले. न्यूरोसर्जनची घेतलेली वेळ रद्द झाली. मग आतेबहिणीचा फोन आला. “आईला काय सांगितलंस तू?” मी तिला दाखल आणि ओपीडी यांतला फरक समजावू लागलो. “ती ॲडमिट असती, तर मी गाठ धरली असती,” हेही बोलून गेलो. त्यानंतर ती जे बोलली, त्याला अजून कोड निघालेला नाही. आत्याला पुण्याच्या डॉक्टरांकडे मीच न्यायचं, असं ठरलं.

आत्याबरोबर तिची नणंदही आली. बाहेर बसल्या बसल्या आत्याने विचारलं, “तुमच्यात सगळ्यालाच आकडा असतो का रे?” मी खुलून सांगितलं : बदकाने धडक मारली तरी असतो. पेटलेल्या वॉटर-स्कीने भाजलं तरी असतो. सासरच्यांशी पटत नसेल तर झेड ६३.१.

आत्याने नणंदेकडे एक नजर टाकली. “हा शेवटचा खराच आहे?”

“अगदी अधिकृत.”

“चिठ्ठीवर लिहून दे.”

डॉक्टर शांत गृहस्थ होते. मेनिन्जिओमाच आहे, म्हणाले. लहान आहे, सावकाश वाढणारी दिसते, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त सापडते. आत्ता ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू. आत्याचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र कागदाकडे बघून वर आला. त्यांनी नुसतं ‘मेनिन्जिओमा’ लिहिलं होतं. जागा नाही! म्हणजे ३२.९! असा कोड दिला की आमच्याकडे ऑडिटवाले कान धरतात. अशा वेळी डॉक्टरांना लेखी शंका विचारायची असते, पण उत्तर सुचवायचं नसतं. मी घसा साफ केला.

“सर, गाठीचं स्थान कृपया स्पष्ट करावं. अ, मेंदूचं आवरण. ब, मणक्यातलं आवरण. क, इतर. ड, सांगता येत नाही.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. समोरच्या पडद्यावर आत्याचं डोकं उजळलेलं होतं, आणि त्यात ती गाठ, अगदी पाहुण्यालाही दिसावी अशी.

“हे कोण?”

“माझा भाचा,” आत्या अभिमानाने म्हणाली. “अमेरिकेच्या दवाखान्यात असतो.”

काय वाटलं कोण जाणे, डॉक्टरांनी ‘सेरेब्रल’ हा शब्द पुढे जोडला. डी ३२.०! मी समाधानाने मागे रेललो. तेवढ्यात आत्याने बटव्यातून चिठ्ठी काढून टेबलावर सारली.

“तुम्ही लिहितच आहात, तर हेही लिहा. झेड त्रेसष्ट पॉइंट एक.”

“हे काय?” डॉक्टरांनी विचारलं. नणंदबाईंनी चष्मा पुसला आणि चिठ्ठीवर वाकल्या. “हो, काय गं वहिनी ते?”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

“डोकेदुखीचाच एक प्रकार आहे,” मी म्हणालो.